बियाण्याचं तवसं

॥ श्री ॥

गोडदेव, भाईंदर (पूर्व)
ता. १४ ऑक्टोबर १९६५

ती. सौ. सुगंधा वन्सं यांस,
चंपाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. लग्नाला दीड वर्ष झालं आणि सासरच्या माणसाचं हे पहिलं पत्र. मी तीनदा वाचलं, मग ह्यांना दिलं. ह्यांनी वाचलं आणि उशाखाली ठेवून दिलं. आईंना न सांगता लिहिलंत हे कळल्यावर भीती वाटली आणि बरंही वाटलं. आईंनी आपल्या भावाला त्याच्या मुलीसाठी शब्द दिला होता. तो मोडून ह्यांनी माझ्याशी लग्न केलं, म्हणजे राग येणारच. माझ्या हातचं पाणीसुद्धा घेणार नाही असं त्या म्हणाल्याचं ह्यांनी मला सांगितलंय. मी त्यावर रडत बसत नाही. फार तर आठवड्यातून एकदा.

आम्ही राहतो ती खोली मंजुळाबाईंच्या घरातली. ही माणसं इथली जुनी, त्यांची भातशेतीही आहे आणि मिठागरही. गावाचं नाव गोडदेव आणि विहिरीचं पाणी मचूळ! प्यायचं पाणी लांबून आणते. दारात उभं राहिलं की समोर मिठाच्या राशी दिसतात, पलीकडे खाडी. हे सकाळी भांड्यांच्या कारखान्यात जातात ते दिवेलागणीला येतात.

आता मुद्द्याचं. भाद्रपद लागला की ह्यांना धोंडस आठवतं. आमच्या माणगावकडे मी हा पदार्थ कधी पाहिला नाही. पण नवऱ्याची हौस पुरवायची म्हणून दसऱ्याला स्टेशनाजवळच्या भय्याकडून चार काकड्या आणल्या, किसल्या, तांदळाचा रवा घातला, गूळ घातला, घट्ट वाटलं म्हणून वर तांब्याभर पाणी घातलं आणि स्टोव्हवर ठेवलं. ह्यांनी वाटीभर खाल्लं आणि म्हणाले की खीर छान झालीय. वन्सं, तुम्हीच काय ते सांगा. हे कुठून आलं, कसं करतात, आणि आमच्या आई त्यात काय घालतात की हा माणूस अजून झोपेत त्याचं नाव घेतो?

तुमच्या पत्राची वाट पाहणारी,
तुमची चंपा

*

॥ श्री ॥

आंबेखोल, ता. लांजे, जि. रत्नागिरी
ता. ५ नोव्हेंबर १९६५

चि. सौ. चंपा हिस,
सुगंधाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हसून हसून पुरेवाट झाली. अगं, बाजारातल्या कोवळ्या काकडीचं कधी धोंडस होतं का? त्याला तवसं लागतं. वेलावर पिकून तांबूस झालेलं, सालीवर जाळी धरलेलं, हातभर लांब. त्याची साल आणि आतला बियांचा गाभा काढायचा, गर किसायचा, तांदळाच्या कण्या तुपावर भाजून त्या किसात शिजवायच्या. गूळ, ओलं खोबरं, जायफळ आणि चिमूटभर मीठ. पाण्याचा थेंब घालायचा नाही. तवशाच्या अंगचं पाणी तेच त्याचं पाणी. मग जाड टोपात हळदीची पानं घालून त्यावर ते ओतायचं, खाली निखारे, झाकणावर निखारे, आणि घाई करायची नाही. वरून लालसर पापुद्रा धरतो, आतून मऊ राहतं. चार दिवस टिकतं, आणि आजच्यापेक्षा उद्या जास्त गोड लागतं.

मी आईला विचारूनच लिहिलंय, पण तुझं नाव काढलं नाही. सहज म्हटलं की कण्या आधी भाजायच्या की किसात घालून भाजायच्या. तिने डोळे वटारले, म्हणाली की आठवण गेली कुठे तुझी. पण सांगितलं सगळं. आई डावखुरी, ढवळते डाव्या हाताने, गाठीसुद्धा डाव्या हाताच्या मारते. सांगतानाही डावा हात हवेत फिरत होता. शेवटी म्हणाली की पाणी घातलं तर ते धोंडस नव्हे, पेज म्हणायची. मला वाटतं तिला कळलं असावं कोण विचारतंय ते.

कुठून आलं म्हणशील तर आईची आजेसासू सांगायची की भादव्यात जुने तांदूळ संपत येतात, नवे अजून शेतात असतात, कणगीच्या तळाला कण्या तेवढ्या उरतात. नेमकी तेव्हाच गोठ्यावर चढलेली तवशी एकदम पिकतात. बायकांना बेणणीला, भातातलं गवत काढायला, जायचं असे, चुलीपाशी बसायला वेळ कुणाला? म्हणून टोपात सगळं एकत्र घालून निखाऱ्यात ठेवून दिलं आणि संध्याकाळी उघडलं तर हे निघालं. खरं-खोटं ग्रामदेवी जाणे. पण गरिबाच्या घरातलं गोड आहे हे, साखरेवाल्यांचं नाही, एवढं खरं.

आता एक अवघड गोष्ट. बाजारात हे तवसं मिळायचं नाही. आमच्या वेलाचं बी पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. पहिलं तवसं देवीला, मधली खायला, आणि बुडाशी लागलेलं सगळ्यांत टपोरं ते बियाण्याचं. त्याला सुरी लावत नाहीत. आढ्याला सुंभाच्या शिंक्यात टांगतात ते थेट शिमग्यापर्यंत. मग बिया राखेत घोळून सुक्या भोपळ्यात. आणि हे बी सासूकडून सुनेकडे जातं, लेकीला मिळत नाही. मी खालच्या वाडीत दिली गेले, हाकेच्या अंतरावर, तरी मला नाही दिलं. घराचं बी घरात राहतं म्हणाली. आता घरात सून कुठे आहे असं कुणी विचारलं की उठून गोठ्यात जाते.

लवूला म्हणावं, खीर म्हणालास ते शहाणपणाचं केलंस.

तुझी वन्सं,
सुगंधा

*

॥ श्री ॥

आंबेखोल
ता. २० मे १९६६

चि. सौ. चंपा हिस,
अनेक आशीर्वाद.

हे पाकीट नीट जपून उघड. आत राखेची पुडी आहे, तिच्यात नऊ बिया आहेत.

आई देवळात गेली होती. मी भोपळ्याच्या तोंडाचं फडकं सोडलं, बिया घेतल्या आणि होती तशी गाठ मारून ठेवली. दोन पोरांची आई मी, आणि स्वतःच्या माहेरी चोरी केली! पण मागच्या महिन्यात लवू एकटाच येऊन गेला, तेव्हा आई त्याच्याशी भातापासून म्हशीपर्यंत सगळं बोलली, तुझं नाव मात्र एकदाही नाही. जाताना तो म्हणाला की पुन्हा येईन तो चंपाला घेऊनच, नाहीतर येणार नाही. आई दारापर्यंतसुद्धा गेली नाही. तो गेल्यावर त्याचं ताट तिने उचलू दिलं नाही कुणाला, स्वतः घासलं. मला वाटलं, हिचा हट्ट सुटेस्तोवर बियाणं उंदीर खातील. म्हणून घेतल्या. मृग लागला की पेर. कुणाला सांगू नकोस.

घाबरलेली,
सुगंधा

*

॥ श्री ॥

गोडदेव, भाईंदर (पूर्व)
ता. २२ ऑक्टोबर १९६६

ती. सौ. वन्सं यांस,
चंपाचा शि. सा. न. वि. वि.

झालं! खरंखुरं धोंडस झालं. पण पहिल्यापासून सांगते.

मृगाला मी लगेच बिया पेरायला निघाले तर मंजुळाबाईंनी हात धरला. म्हणाल्या की खारी जमीन हाय ही, आत्ता टाकशील तर एक पण उगवाचं न्हाय. त्यांच्या शेताच्या बांधावर त्यांनी उंच आळं करायला लावलं, त्यात शेण आणि चुलीतली राख. मग नुसतं थांबायचं. पाऊस पडतोय, मी थांबलेय. दर दोन दिवसांनी त्या बांधावर जायच्या, चिमूटभर माती उचलून जिभेवर ठेवायच्या आणि थुंकून म्हणायच्या की अजून हाय. म्हणजे मीठ अजून आहे. पंधरा-सोळा दिवसांनी माती चाखून मान डोलावली, म्हणजे आता पेर. त्यांचे मालक शिवदास हसत होते की सुनेला कधी एवढा वेळ दिला न्हाय. नऊपैकी चार उगवल्या, त्यातली एक खेकड्यांनी कातरली, तीन वेल चढले.

पहिलं तवसं इथल्या गावदेवीला दिलं. दुसरं किसलं. मंजुळाबाईंच्या चुलीवर, वर-खाली निखारे, पाण्याचा थेंब नाही. हे कारखान्यातून आले आणि चप्पल न काढताच आत आले. वास आला होता. पहिला घास घेतला आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मी विचारलं, काय कमी आहे का? तर म्हणाले की मीठ किंचित जास्त आहे. वन्सं, मी मीठ घालायला विसरले होते! तवशाच्या पाण्यातच इथल्या जमिनीचं मीठ उतरलंय. धोंडसात पाणी बाहेरचं नसतं ना, मग ज्या मातीत वाढलं तिचीच चव. तेव्हापासून मी मीठ घालतच नाही.

बुडाशी लागलेलं टपोरं तवसं शिंक्यात टांगलंय. त्याला मी सुरी लावणार नाही. ज्या घरात मला कुणी ये म्हटलेलं नाही, त्या घराचं बी माझ्या आढ्याला टांगलेलं आहे. कधीकधी भाकरी करता करता त्याच्याकडे बघते आणि मला माझीच चोरी पकडल्यासारखं होतं. आईंना सून म्हणून मी कधी चालेन का हो? हे हसतात, पण रात्रंदिवस माझ्या मनात तेच आहे.

तुमच्या ऋणात राहणारी,
चंपा

*

॥ श्री ॥

गोडदेव, भाईंदर (पूर्व)
ता. १३ सप्टेंबर १९६९

ती. सौ. वन्सं यांस,
चंपाचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र गणपतीआधी पोचतं की नाही कोण जाणे. ह्यांनी आईंना लिहिलं होतं की यंदा चंपाला आणि लेक आशाला घेऊन येतो. आईंनी ये म्हटलं नाही, पण नको असंही कळवलं नाही, म्हणून आम्ही धीर केला होता. मी आशाला आजीच्या पाया कसं पडायचं तेही शिकवलं होतं. ट्रंक भरली आणि पोरीला गोवर निघाला. दोन वर्षांचं लेकरू, अंग तापलंय. मंजुळाबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या, म्हणाल्या की या अंगानं पोरीला एस.टी.त घालाल तर माझ्याशी गाठ हाय.

आईंना वाटेल की मीच अडवलं. तसं नाही, एवढं तुम्ही सांगा. पाच वर्षं मी या एका बोलावण्याची वाट पाहिली आणि दार किलकिलं झालं तेव्हा पाय निघाला नाही.

तुमची,
चंपा

*

॥ श्री ॥

आंबेखोल
ता. २ ऑक्टोबर १९६९

चि. सौ. चंपा हिस,
अनेक आशीर्वाद.

आशा बरी झाली हे लवूच्या कार्डावरून कळलं. पोरीची दृष्ट काढ. तुझं पत्र मात्र गौरी गेल्यावर पोचलं आणि तोवर इथे जे व्हायचं ते होऊन गेलं.

यंदा पावसाने वेल कुजला. एकच तवसं धरलं होतं, ते बियाण्याचं म्हणून ठेवलेलं. अजून नीट पिकलंही नव्हतं, अर्धं हिरवं होतं. गौरीच्या दिवशी सकाळी मी गेले तर आई ते पाटावर घेऊन बसलेली, हातात सुरी. मी ओरडले की अगं, बियाण्याचं आहे ते, बी अजून कोवळं आहे, पोचट निघेल! तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चिरलं, किसलं, टोप निखाऱ्यावर ठेवला आणि ओटीवर येऊन वाटेकडे तोंड करून बसली. संध्याकाळची एस.टी. गेली. दुसऱ्या दिवशीची गेली. मग मी तुझ्या पत्रातलं वाचून दाखवलं. नातीला गोवर आलाय म्हटल्यावर एवढंच म्हणाली की कडुलिंबाचा पाला आहे का तिकडे. धोंडस वाडीत वाटून टाकलं. स्वतः एक घासही घेतला नाही.

बिया मी पाहिल्या. सगळ्या पोचट, बोटाने दाबल्या की पाणी. भोपळ्यात मागच्या सालातल्या थोड्या आहेत, त्यांच्यावरच आता भरवसा.

तुझी,
सुगंधा

*

॥ श्री ॥

आंबेखोल
ता. १८ जुलै १९७०

चि. सौ. चंपा हिस,
अनेक आशीर्वाद.

वाईट बातमी. भोपळ्यातल्या जुन्या बिया पेरल्या, एकही उगवली नाही. आतून भुंगे लागले होते. आई रोज सकाळी आळ्यापाशी जाऊन वाकून बघते. तिला आताशा कमी दिसतं, म्हणून हाताने माती चाचपते. गोठ्याचं छप्पर यंदा उघडंच आहे. मला माझी आई आजवर कधी म्हातारी वाटली नव्हती, ती या महिन्यात वाटली.

तुझ्याकडचं बी शाबूत आहे ना ते आधी कळव.

सुगंधा

*

॥ श्री ॥

गोडदेव, भाईंदर (पूर्व)
ता. २९ जुलै १९७०

ती. सौ. वन्सं यांस,
चंपाचा शि. सा. न. वि. वि.

शाबूत आहे. चार वर्षं एकदाही खंड पडू दिला नाही. यंदा बांधावर पाच वेल आहेत. पण इथेही हे शेवटचंच साल. स्टेशनाकडून इमारती सरकत इकडे येताहेत आणि शिवदासभाऊंच्या भावांनी तो तुकडा विकायचं ठरवलंय. मंजुळाबाई परवा बांधावर बसल्या होत्या, माती चाखून म्हणाल्या की गोडी आता कुठं उतरली व्हती. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

सांगा, पाकिटातून पाठवू का? पण आईंना काय सांगाल, हे कुठून आलं म्हणून? चोरी तुमची उघडी पडेल आणि बी माझ्या हातचं म्हणून त्या पेरणार नाहीत अशी भीती वाटते. माझ्यावरचा राग माझ्यावरच राहू दे, वेलावर नको.

तुमची,
चंपा

*

॥ श्री ॥

आंबेखोल
ता. १४ ऑगस्ट १९७०

चि. सौ. चंपा हिस,
अनेक आशीर्वाद.

सांगून टाकलं मी. आई तांदूळ निवडत होती, मी समोर बसले आणि भोपळ्यापासून तुझ्या बांधापर्यंत सगळं ओकून टाकलं. वाटलं, आता सूप अंगावर येतं. तिने निवडणं थांबवलं नाही. खडा बाजूला टाकून विचारलं की तिकडे वेल मांडवावर चढवते की जमिनीवर पसरते. मी म्हटलं, मांडवावर. तर म्हणाली हूं.

मग मी पाकिटाचं विचारलं. त्यावर मात्र चिडली. म्हणाली की बियाणं काय पोस्टातून येतं? टांगलेलं अख्खं तवसं शिमग्याला सुनेने ओटीत घालून आणायचं असतं, एवढं तिला कुणी सांगितलं नाही का?

चंपा, सुनेने म्हणाली ती. मी पुन्हा विचारून खात्री करायच्या फंदात पडले नाही, तूही पडू नकोस. तवसं सांभाळ, पोरीला सांभाळ, आणि शिमग्याला या.

वाट पाहणारी तुझी वन्सं,
सुगंधा

*

॥ श्री ॥

गोडदेव, भाईंदर (पूर्व)
ता. २८ मार्च १९७१

ती. सौ. वन्सं यांस,
चंपाचा शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. आशा अजून पालखी नाचवतेय, मंजुळाबाईंचं सूप डोक्यावर घेऊन. बांधावर भराव पडायला सुरुवात झालीय. आम्ही आलो तेव्हा निम्मा बांध मातीखाली गेला होता.

तुमच्यासमोर जे झालं ते तुम्हाला पुन्हा काय सांगू? मी उंबऱ्याबाहेर तवसं ओटीत घेऊन उभी, आणि आईंनी पदर पसरला. नंतर बिया काढून उरलेल्या गराचं मी केलेलं धोंडस चाखून मला विचारलं की मीठ घातलं नाहीस ना, आणि मी नाही म्हटल्यावर म्हणाल्या की इथल्या मातीत पहिल्या वर्षी थोडं घालावं लागेल, मग बघू. ते सगळं तुम्ही पाहिलंत. पण एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नाही, ती सांगायला हे पत्र.

निघायच्या पहाटे तुम्ही आशाला घेऊन एस.टी.च्या थांब्यावर पुढे गेलात. हे ट्रंक घेऊन अंगणात. चुलीपाशी आई आणि मी दोघीच होतो. आईंनी भोपळा काढला, मी आणलेल्या तवशाच्या मूठभर बिया माझ्या पदरात घातल्या आणि गाठ मारली, डाव्या हाताची. म्हणाल्या की आधीचं चोरीचं होतं, हे माझ्या हातचं. मग म्हणाल्या की फडक्याची गाठ त्या वर्षी उजव्या हाताची निघाली तेव्हाच कळलं होतं. सुगंधा लहानपणी गूळ चोरायची तेव्हाही गाठ विसरायची.

वन्सं, पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं त्यांना! मला राहवलं नाही, मी विचारलं की मग बोलला का नाहीत. तर म्हणाल्या, बोलले असते तर परत मागावं लागलं असतं.

आणि मग मी ते विचारलं जे दीड वर्ष माझ्या मनात होतं. गौरीला ते कोवळं तवसं, एकुलतं एक, बियाण्याचं, का चिरलंत? आई निखारे विझवत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या की बी भाईंदरला आहे हे ठाऊक होतं, म्हणून तर सुरी लावली. सून पहिल्यांदा घरी यायची होती, तिला धोंडस नको?

पुढचं मला नीट आठवत नाही. मी त्यांच्या पाया पडले की त्यांच्या गळ्यात पडले तेही सांगता यायचं नाही. बाहेरून हे ओरडत होते की एस.टी. आली.

मंजुळाबाईंनी विहिरीमागे हातभर जागा दाखवलीय, माती चाखून. मृगाला तिथे पेरीन. ते पातळ मी अजून धुवायला काढलेलं नाही. डाव्या हाताची गाठ मला सुटत नाही असं ह्यांना सांगते. खरं म्हणजे सोडवत नाही.

आईंना शिरसाष्टांग नमस्कार. भोपळ्याच्या फडक्यापासून चार हात लांब राहा, आणि माझ्यावरची माया आहे तेवढीच राहू द्या, ती पुष्कळ आहे.

तुमची, आणि आता आंबेखोलची,
चंपा